शीर सापडत नाही, सापडली तर टिकत नाही: मोठ्या माणसांना सलाईन लावताना येणाऱ्या अडचणी आणि उपाय

"याची शीरच मिळत नाहीये." कॅज्युअल्टीत हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि त्यातून कळत काहीच नाही. शीर दिसत नाही? दिसते, पण सुई लागताच बाजूला पळते? रक्त येतं, पण कॅन्युला (सुईवरून शिरेत सरकवायची प्लास्टिकची बारीक नळी) पुढे जात नाही? पुढे गेली आणि तिथेच टेंगूळ आलं? की सगळं नीट झालं आणि सलाईनच पडत नाही? हे पाच वेगळे प्रश्न आहेत आणि पाचही प्रश्नांची कारणं वेगळी आहेत. कुठल्या पायरीवर अडलं हे न बघता आपण फक्त जागा बदलतो. दुसऱ्या हातावर तेच घडतं, मग तिसऱ्या जागी तेच, आणि पेशंटच्या हाताची चाळण होते.

कोकणातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत नव्याने रुजू झालेल्या सिस्टर, ब्रदर आणि इंटर्न डॉक्टरांसाठी हे लिहिते आहे. सगळं मोठ्या माणसांबद्दल आहे. लहान मुलांचं तंत्र वेगळं, ते यात मिसळत नाही.

सगळ्यात आधी एक विचारा: लावायचीच आहे का? आपल्याकडे "अंगात ताकद नाय, एक सलाईन लावा" म्हणत येणारे पेशंट कमी नाहीत. पाचशे मिलिलिटर डीएनएसमध्ये (साखर-मिठाच्या सलाईनमध्ये) साखर २५ ग्रॅम असते, म्हणजे शंभरच्या आत कॅलरी. वाडगाभर पेज मिठाच्या चिमटीसह प्यायली तर त्याहून जास्त मिळेल, आणि टोचावंही लागणार नाही. ज्याला उलटी नाही आणि जो पिऊ शकतो, त्याला ओआरएस द्या आणि गोळी तोंडाने देता येईल का ते डॉक्टरांना विचारा. वृद्धांच्या हातावर उगाच खर्च केलेली शीर पुढच्या खऱ्या आजारपणात उपयोगाला येत नाही.

कुठला रंग घ्यायचा

कॅन्युलाचं गेज, म्हणजे जाडीचा आकडा, रंगावरून ओळखतात: हिरवी १८, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४, करडी १६. आकडा वाढला की नळी बारीक होते, हे सगळ्यांना पाठ असतं. नळीची रुंदी किती फरक पाडते, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानात नसतं. आतला व्यास निम्मा झाला तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, आणि नळी जितकी लांब तितका अडथळा जास्त. हिरवीतून मिनिटाला साधारण ९० मिलिलिटर जातं, गुलाबीतून ६०, निळीतून ३५ आणि पिवळीतून २० च्या आसपास. म्हणून हायवेवरच्या अपघातात किंवा बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात कोपराच्या खोबणीत जाड आणि आखूड कॅन्युला हवी, शक्यतो दोन्ही हातांना.

तापाच्या पेशंटला दिवसातून दोनदा अँटिबायोटिक द्यायचं असेल तर निळी भरपूर झाली. चांगली ठसठशीत शीर दिसली म्हणून तिथे हिरवी घालण्याची हौस असते. नळीने शीर पूर्ण भरली की बाजूने रक्त वाहत नाही, औषध पातळ होत नाही, आणि दुसऱ्याच दिवशी ती जागा लाल होते. काम भागेल एवढी बारीक नळी आणि तिच्यासाठी मिळेल तेवढी मोठी शीर, असं जमवा.

शीर दिसतच नाही

दिसणं दुय्यम आहे. बोटाला लागते का ते बघा. तर्जनीचं टोक हलकं ठेवून दाबा आणि सोडा. शीर दबून पुन्हा वर येते. कंडरा दबत नाही आणि बोटं हलवली की हलते. धमनी उडते. जाड माणसाच्या हातावर काही दिसलं नाही तरी कोपराच्या खोबणीत आणि मनगटापासून अंगठ्याच्या बाजूने वर जाणाऱ्या रेषेत बोटाला बऱ्याचदा लागते.

टूर्निके, म्हणजे शीर फुगवायला हाताला बांधायची पट्टी, जागेच्या चार बोटं वर बांधा आणि नाडी लागते का बघा. नाडी बंद होईल इतकं आवळलं तर खालून रक्तच येत नाही, मग शीर भरणार कुठून? त्यापेक्षा बीपीचा कफ चांगला. ४० ते ६० पर्यंत फुगवून ठेवायचा, मात्र पेशंटच्या खालच्या बीपीपेक्षा कमीच. रबरी पट्टी म्हाताऱ्या माणसाच्या कातडीत रुतते, कफ रुतत नाही. मिनिट-दोन मिनिटांत जागा मिळाली नाही तर सोडा, हात मोकळा होऊ द्या, पुन्हा बांधा.

जुलैतला पेशंट भिजून, कुडकुडत येतो. गार हातात शिरा आकसलेल्या असतात आणि आपण तिथेच शोधत बसतो. आधी ओले कपडे काढायला सांगा, अंग पुसा, पंखा बंद करा. टॉवेल गरम पाण्यात पिळून हाताला गुंडाळा आणि दहा मिनिटं द्या. घाईच्या ड्युटीत दहा मिनिटं म्हणजे फार वाटतात, पण चार फसलेल्या प्रयत्नांना त्याहून जास्त वेळ लागतो. डायबेटीस असलेल्या पेशंटला कधी कधी चटकाच कळत नाही, म्हणून टॉवेल आधी आपल्या मनगटाला लावून बघा.

हात खाटेखाली लोंबू द्या. मूठ हळूहळू उघडझाप करायला सांगा. बोटांकडून वर अशी शीर चोळा. फटाफट चापट्या मारायची पद्धत सोडून द्या. दुखतं, पेशंट दचकतो, आणि दचकलेल्या माणसाच्या शिरा आणखी आत जातात. सुईला घाबरणाऱ्याला बसवून टोचू नका, आडवा झोपवा, नाहीतर चक्कर येऊन पडेल.

लाईट गेली असेल, आणि पावसाळ्यात ती जातेच, तर मोबाईलचा टॉर्च वरून मारू नका. हाताच्या पातळीवर आडवा धरा. फुगलेल्या शिरेची बारीक सावली पडते आणि सावळ्या कातडीवरही रेघ दिसते.

हात सुजलेला असेल तर अंगठा जागेवर अर्धा-एक मिनिट दाबून धरा. पाणी बाजूला सरतं, खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यात शीर लागते. सूज लगेच परत भरते, म्हणून बाकी सगळी तयारी आधीच हाताशी ठेवा.

आणि पेशंटला विचारा. किमो घेतलेले, वारंवार ॲडमिट होणारे, दम्याचे जुने पेशंट यांना स्वतःच्या शिरा आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. "गो बाय, त्या हातार नको, हयसर बघ. मागच्या टायमाक हयसरच गावली," असं आजी म्हणाल्या तर तिथे बघा. यात आपला मान दुखावून घ्यायचं कारण नाही.

बांगड्यांचा प्रश्न रोजचा. काचेच्या बांगड्या काढायला बायका तयार नसतात आणि जबरदस्ती करायचं कारणही नाही. वर सरकवा, गॉज गुंडाळून बसवा, फक्त त्या टूर्निकेसारख्या आवळत नाहीत ना ते बघा. साप चावलेला हात मात्र याला अपवाद. त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या लगेच निघाल्याच पाहिजेत, सूज चढल्यावर कापाव्या लागतात.

दिसते, पण पळते

हे खलाशांचे आणि जाळं ओढणाऱ्यांचे हात. शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या. बघूनच वाटतं, डोळे मिटून लागेल. आणि नेमकी तिथेच सुई शिरेच्या शेजारून निघून जाते. कातडी जाड असते, तिच्यात सुई अडकते, आपण जोर लावतो आणि त्या धक्क्याने शीर सरकते.

उपाय डाव्या हातात आहे. ज्या जागी टोचायचं तिच्या चार-पाच सेंटिमीटर खाली अंगठा ठेवून कातडी बोटांकडे ताणा आणि कॅन्युला पूर्ण आत जाईपर्यंत तो ताण सोडू नका. बहुतेक जण रक्त दिसताच आनंदाने अंगठा सोडतात. दोन शिरा मिळून इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो तिथे, जोडाच्या किंचित खाली टोचा, त्या ठिकाणी शीर बांधलेली असते. जाड कातडीत सुरुवातीचा कोन थोडा वाढवून कातडी एका झटक्यात पार करा, मग कोन उतरवा आणि शिरेत सावकाश शिरा.

रक्त आलं, पण कॅन्युला पुढे जात नाही

सगळ्यात जास्त शिरा इथे वाया जातात, म्हणून यावर जरा थांबते.

सुईचं टोक कॅन्युलाच्या पुढे एक-दोन मिलिमीटर असतं. मागच्या कप्प्यात रक्त दिसलं याचा अर्थ सुईचं टोक आत गेलं, एवढाच. प्लास्टिकची नळी अजून शिरेच्या बाहेर असू शकते. त्या क्षणी नळी ढकलली की ती शिरेच्या भिंतीवर आपटते, दुमडते आणि शीर फाटते. म्हणून रक्त दिसलं की थांबा. कोन उतरवून कॅन्युला कातडीला जवळजवळ समांतर करा आणि सुईसकट सगळं दोन-तीन मिलिमीटर पुढे न्या. मग सुई जागेवर धरून नळी तिच्यावरून पुढे सरकवा. सुई किंचित मागे घेतली की नळीत दुसऱ्यांदा रक्ताची रेघ पळते. ही रेघ दिसली की नळी आत आहे. पहिल्या रक्तापेक्षा माझा भरवसा या दुसऱ्यावर.

पहिलं रक्त आलं आणि लगेच थांबलं, तर सुई मागच्या भिंतीतून पलीकडे गेली असावी. बीपी पडलेल्या पेशंटमध्ये हे हमखास होतं, कारण शीर चपटी झालेली असते आणि पुढची भिंत मागच्या भिंतीला टेकलेली असते. इथे वेगाने टोचणं हाच दोष. बाहेर काढायची घाई करू नका. सुई थोडी मागे घ्या, मग सगळं मिळून अगदी हळू मागे ओढा. रक्त पुन्हा वाहू लागलं की नळी आत आली, तिथून ती एकटी पुढे सरकवा. तोपर्यंत बाजूला फुगवटा आला असेल तर मात्र ती शीर गेली.

अर्धी नळी आत गेली आणि पुढे रबरासारखा अडथळा लागतोय? बहुधा झडप आहे. शिरेवर गाठीसारखा छोटा उंचवटा दिसतो तिथे झडप असते, म्हणून टोचण्याआधीच तसा उंचवटा टाळून खाली जागा निवडावी. तरी अडकलीच, तर टूर्निके सोडा, सुई काढा, सलाईन भरलेली सिरिंज जोडा आणि हळूहळू सलाईन सोडत नळी पुढे न्या. पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि नळी तरंगत आत जाते. जोर लावायचा नाही. अर्धी नळी बसली, सलाईन विनासायास जातंय आणि सूज येत नाही, तर तात्पुरतं काम चालतं. मात्र ती पक्की चिकटवा आणि दुसरी जागा शोधून ठेवा.

कधी कधी शीरच आखडते. पेशंट घाबरलेला, हात गार, टोचल्यावर शीर दोरीसारखी कडक होते. टूर्निके सोडा, वरून गरम कपडा ठेवा, मिनिटभर थांबा.

एक गोष्ट कधीच करायची नाही. बाहेर काढलेली सुई नळी शरीरात असताना पुन्हा तिच्यात घालायची नाही. सुई नळी आतून कापते, तुकडा शिरेत सुटतो आणि हृदयाकडे जातो. नळी पुढे जात नसेल तर सगळं एकत्र बाहेर काढा आणि नवीन घ्या. कॅन्युलाची किंमत बघून इथे काटकसर करणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका.

टोचताच फुटते

ऐंशी वर्षांच्या आजींची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. शिरा वर दिसतात, पण आधार देणारी चरबी उरलेली नसते. टूर्निके बांधल्यावर आतला दाब वाढतो आणि सुईने भोक पडताच रक्त बाहेर फुटतं. अशा हातावर टूर्निके नकोच, किंवा बाहीवरून सैल बांधा. बऱ्याचदा हात खाली सोडूनच पुरेशी भरते. निळी किंवा पिवळी घ्या, कोन दहा-पंधरा अंशांचा ठेवा, आणि रक्त दिसताच नळी पुढे न्यायच्या आधी टूर्निके सोडा. हा क्रम बदलला की निम्म्या शिरा वाचतात, असा माझा अनुभव आहे.

स्टेंट बसवून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या पेशंटचा हात नंतर निळाकाळा होतो आणि नातेवाईक आपल्याकडे बघतात. फसलेल्या जागेवर पाच मिनिटं सरळ हाताने दाबून ठेवा. कोपर दुमडून बोळा धरायला सांगणं चूक, त्याने डाग वाढतो. आणि चिकटपट्टी उपटू नका. स्टिरॉइडवरच्या पेशंटची कातडी पट्टीबरोबर सोलून निघते. स्पिरिटने भिजवून हळू काढा.

लागली, पण थेंब पडत नाही

टूर्निके सोडलंय का? हसू नका, बाहीखाली राहून गेलेलं टूर्निके हे अगदी नेहमीचं कारण आहे. मग रोलर, मग थ्री-वेची (नळीवरच्या तीन तोंडांच्या तोटीची) दिशा, मग बाटलीला हवेची वाट, मग कोपर किंवा मनगट दुमडलंय का. हे सगळं ठीक असेल तर नळीचं टोक भिंतीला टेकलं असेल, दोन मिलिमीटर मागे घ्या.

सिरिंजने रक्त ओढून बघा. येत नाही आणि सलाईन ढकलायला जोर लागतोय, तर गाठ धरली आहे. ती जोराने ढकलून शरीरात पाठवायची नाही, काढून टाका. संशयाच्या वेळी सोपी परीक्षा अशी: नळीच्या टोकाच्या बऱ्याच वर शीर बोटाने दाबा. थेंब थांबले तर नळी शिरेत आहे. दाबूनही थेंब पडत राहिले तर सलाईन मांसात चाललंय.

रात्री लावली, सकाळी हात फुगला

दोन्ही हात शेजारी ठेवून बघा, एकट्या हाताची सूज डोळ्याला फसवते. थंड, पांढरट, तुकतुकीत आणि घट्ट म्हणजे सलाईन बाहेर पडलंय. गरम, लाल, दुखरी आणि शिरेची दोरी झालेली म्हणजे शीर सुजली आहे. दोन्हींत लाईन काढायची. साधं सलाईन असेल तर हात उंच ठेवला की उतरतं.

औषध कुठलं चाललं होतं, यावर पुढचं अवलंबून आहे. नॉरॲड्रेनालिन, कॅल्शियम, पोटॅशियम, २५ किंवा ५० टक्के डेक्स्ट्रोज, फेनिटॉइन यांपैकी काही बाहेर गेलं तर मांस काळं पडू शकतं. तिथे सलाईन थांबवा, पण कॅन्युला लगेच उपटू नका. आधी तिच्यातूनच जमेल तेवढं औषध ओढून घ्या, फ्लश करू नका (तिच्यातून सलाईन ढकलू नका), डॉक्टरांना बोलवा, सुजेची हद्द पेनाने आखा. अशी औषधं हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेत, पिवळ्या कॅन्युलातून देण्याची वेळ येऊ नये, याची काळजी आधीच घ्यायची असते. पोटॅशियम हाताच्या शिरेतून देताना लिटरला ४० मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा दाट नको आणि तासाला १० पेक्षा वेगाने नको.

मनगटाची अंगठ्याकडची शीर मोठी आणि सरळ असते, म्हणून सगळ्यांना मोह होतो. तिला लागूनच चेता (नर्व्ह) जाते. टोचताना अंगठ्यात वीज चमकल्यासारखं झालं असं पेशंट म्हणाला की त्याच क्षणी बाहेर काढा. उडतं, लालभडक रक्त आलं तर धमनी आहे. तिच्यात काहीही सोडायचं नाही, काढा आणि निदान पाच मिनिटं दाबा. पायाची शीर मोठ्या माणसात शेवटचा पर्याय, आणि डायबेटीस असेल तर तोही नको.

आपल्याकडचे काही पेशंट

फुरसं किंवा घोणस चावलेला पेशंट आला की त्याचं रक्त गोठत नाही असंच धरून चाला. प्रत्येक फसलेली टोच वाहत राहते. म्हणून इथे हाताशी असलेल्या सगळ्यात अनुभवी माणसाने पहिल्यांदाच लावावी, न चावलेल्या हाताला, आणि दाबता येईल अशाच जागी. मानेची किंवा गळपट्टीच्या हाडाखालची शीर नको. स्नायूत इंजेक्शन नको. कॅन्युला लागताच दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवा, म्हणजे गोठण्याच्या चाचणीसाठी वेगळं टोचावं लागत नाही. घरून दोरी किंवा फडकं आवळून आणलं असेल तर ते दारातच कापू नका. आधी लाईन, प्रतिविष आणि ॲड्रेनालिन तयार ठेवा, मग डॉक्टरांसमोर सोडा.

लाल विंचवाच्या पेशंटचे हात बर्फासारखे गार आणि घामाने निथळत असतात. विषामुळे शरीरातली ॲड्रेनालिनसारखी द्रव्यं एकदम सुटतात आणि शिरा आकसून जातात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात या दंशावर प्राझोसिनचा उपयोग जगापुढे मांडला. ती तोंडाने द्यायची गोळी आहे. डॉक्टरांनी सांगितली असेल आणि पेशंट गिळू शकत असेल, तर शीर मिळेपर्यंत गोळी अडवून ठेवायचं कारण नाही. आणि शीर मिळाली की धो धो सलाईन सोडायचं नाही, या पेशंटच्या फुप्फुसात पाणी होतं.

लावणीनंतरच्या दिवसांत ताप, पिंडऱ्या दुखणं, डोळे लाल असा पेशंट आला की मनात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) येतो. प्लेटलेट खाली आणि किडनीवर ताण, दोन्ही एकत्र. किडनी बिघडत चाललेल्या आणि डायलिसिसच्या पेशंटच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरा जपायच्या असतात, उद्या तिथे फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांची जोडणी) करावा लागू शकतो. शक्यतो हाताची पाठ वापरा. फिस्टुला असलेल्या हाताला सुई नाही आणि बीपीचा कफही नाही. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा आणि लकव्याचा हातही सोडायचा.

दोनदा झालं, आता?

एका माणसाने दोनदा, बस. तिसऱ्यांदा दुसऱ्याला बोलवा. सगळ्यांचे मिळून चार झाले की हातातल्या शिरांचा नाद सोडा. इथे अहंकार आड येतो, विशेषतः ज्यांचा हात चांगला म्हणून वॉर्डात नाव आहे त्यांचा. सोनोग्राफीचं मशीन असेल आणि डॉक्टरांना सवय असेल तर दंडाच्या आतल्या बाजूची खोल शीर मिळते. तिच्यासाठी लांब कॅन्युला लागते. साध्या गुलाबीची लांबी तीन सेंटिमीटरच्या थोडी वर असते, त्यातली बरीचशी मांसातच संपते आणि हात हलताच निघते. मशीन नसेल तर डॉक्टर मानेची बाहेरची शीर बघतील. डोकं खाली, मान वळवलेली, आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर बोट दाबून शीर भरायची.

पेशंट जाण्याच्या बेतात असेल तर हे सगळं करत बसायला वेळ नसतो. गुडघ्याखाली नडगीच्या आतल्या सपाट भागात हाडातली सुई मिनिटभरात बसते आणि औषधं शिरेइतकीच वेगाने पोचतात. ते हाड मोडलेलं नसावं, आणि सुई चोवीस तासांच्या आत काढायची.

घाटात निघते

सावंतवाडीहून गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज, रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर. रेफर केलेल्या पेशंटची लाईन वॉर्डात व्यवस्थित असते आणि १०८ मध्ये वळणावळणावर निघते. गाडी हलत असताना नवीन लावणं किती अवघड, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. गंभीर पेशंटला निघण्याआधी दोन लाईन हव्यात, दोन वेगळ्या हातांना, आणि दोन्हींतून सलाईन जातंय हे डोळ्यांनी बघून.

आपल्याकडच्या दमट हवेत चिकटपट्टी धरत नाही, हा निम्मा घोटाळा. औषध फवारताना विषबाधा झालेल्या बागेतल्या कामगाराचं तर सगळं अंग घामाने ओलं असतं. क्लोरहेक्सिडीन (कातडी जंतुमुक्त करायचं औषध) लावल्यावर तीस सेकंद सुकू द्या. फुंकर मारू नका, पुसू नका. ओल्या कातडीवर मारलेली पट्टी तासाभरात गुंडाळी होऊन येते. केस जास्त असतील तर कात्रीने बारीक करा, ब्लेड नको. कॅन्युलाच्या पंखांवरून पट्टी मारा, टोचलेली जागा दिसती ठेवा, वरून पारदर्शक ड्रेसिंग. मग नळीचा एक वेटोळा करून तो कॅन्युलापासून दूर वेगळ्या पट्टीने बसवा, म्हणजे झटका बसला तर वेटोळ्याला बसेल. सांध्याजवळ लागली असेल तर स्प्लिंट बांधा. वरून बँडेज करायचं असेल तर बोटांची टोकं उघडी ठेवा.

ड्रेसिंगवर तारीख, वेळ आणि गेज लिहा. अपघाताच्या गडबडीत नीट स्वच्छता न करता लावलेली लाईन असेल तर तसंही लिहा, कारण ती चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बदलायची असते आणि पुढच्या दवाखान्यातल्या सिस्टरला ते दुसरं कोणी सांगणार नाही. केसपेपरवर कुठल्या हाताला किती प्रयत्न फसले आणि शेवटी कुठे लागली तेही टाका. रात्री दोन वाजता कोल्हापुरात पेशंट उतरवून घेणारी सिस्टर मग त्याच सुजलेल्या कोपरावर शोधत बसणार नाही.